आवाजावर पेटणारे दिवे

तापीच्या काठाला एक बाजाराचे गाव होते. त्या गावात वच्छलाबाई नावाची एक बाई एकटी राहत असे. तिचा नवरा पंडित याचे पंखे, रेडिओ, मिक्सर दुरुस्तीचे दुकान होते. तो होता तेव्हा वच्छला त्याच्या शेजारी बसून तारा सोलून द्यायची, आणि बघता बघता सगळे काम शिकली. तो गेल्यावर नातेवाईक म्हणाले, दुकान विकून टाक. तिने विकले नाही. मूलबाळ नव्हते. दुकानही विकले असते तर सकाळी उठून जायचे कुठे, हा तिचा प्रश्न होता.

दुकानात माणसे दिवसभर यायची. बंद पडलेली वस्तू फळीवर ठेवायची, कधी मिळेल ते विचारायची आणि निघून जायची. तिच्याशी वाईट कोणी वागत नव्हते, पण थांबतही कोणी नव्हते. सणावाराला शेजारच्या घरांतून हसण्याबोलण्याचे आवाज आले की वच्छला दुरुस्त झालेला एखादा रेडिओ उगाचच पुन्हा उघडून बसायची.

थांबणारा माणूस एकच होता. उखर्डू नाना. नाना गावच्या बँडमध्ये बासरी वाजवत. त्यांची बायको कधीच वारली होती, आणि मुलगा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. दिवस कलला की नाना दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. वच्छला रेडिओ लावी. दोघे फारसे बोलत नसत.

"वारा पडलाय आज, वच्छा."

"हो ना, नाना. पान हलत नाही."

एवढेच. मग दिवे लागायच्या वेळेला नाना धोतर झटकून उठत आणि काठाकडच्या आपल्या घराकडे जात. त्या तासाभरासाठी वच्छला दिवसभर दुकान उघडे ठेवायची, असे म्हटले तरी चालेल.

एकदा काय झाले, शेजारच्या तालुक्यातल्या एका बँडने शहरातून मोठाले दिवे आणले. ढोल वाजला की ते दिवे लाल व्हायचे, ट्रम्पेट वाजला की निळे. लोक ते बघायला लोटू लागले. लग्नाच्या, जत्रेच्या सगळ्या सुपाऱ्या तिकडे जाऊ लागल्या. गावच्या बँडचे लोक रिकामे बसले. तसले दिवे विकत आणायचे तर वाद्येच विकावी लागली असती.

बँडचे प्रमुख दौलत मास्तर एक दिवस वच्छलाच्या दुकानात आले.

"वहिनी, लोक आता गाणं ऐकायला येत नाहीत हो, बघायला येतात. आपल्याला परवडेल असं काही करता येईल का? नाहीतर या वर्षी बँड बंदच करावा लागेल."

वच्छलाने क्षणभर पायरीकडे बघितले. बँड बंद झाला तर नाना काय करतील, हे तिच्या मनात आले.

"बघते," ती म्हणाली.

तिने कामाला सुरुवात केली. हॉटेलवाल्याकडून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले आणि आतून घासून चकचकीत केले. दुकानांच्या बंद पडलेल्या पाट्यांमधून एलईडीच्या पट्ट्या सोडवल्या. गणपतीच्या मखरातून उरलेला रंगीत जिलेटीन कागद नानांनी घरोघर फिरून गोळा करून आणला. जुन्या टेपरेकॉर्डरांच्या पोटात बारीकसे माइक असतात, ते तिने काढले. प्रत्येक वादकासमोर एक माइक, प्रत्येकाच्या डोक्यावर बांबूला टांगलेला एक डबा, आणि मधे एक लाकडी पेटी. माइकमधून आवाज पेटीत जायचा आणि पेटी त्या वादकाचा दिवा पेटवायची. आवाज जेवढा मोठा, तेवढा दिवा प्रखर. आवाज थांबला की दिवा बंद.

शाळेच्या पटांगणात पहिली चाचणी झाली. ड्रम वाजवणाऱ्या सुपडूने टिपरू मारले आणि त्याच्या डोक्यावरचा डबा लालभडक पेटला. सुपडू दचकलाच. ट्रम्पेटचा दिवा निळा झाला, झांजांचा पिवळा. पोरेबाळे ओरडू लागली. शेवटी नानांनी बासरी ओठाला लावली.

नानांच्या डब्याच्या तळाशी काजव्याएवढा हिरवा उजेड थरथरला आणि गेला.

"माझा दिवा लाजरा निघाला गं," नाना म्हणाले.

सगळे हसले. वच्छला हसली नाही. चूक कुठे आहे ते तिला लगेच कळले होते. तिने सगळे माइक सारख्याच अंतरावर ठेवले होते आणि पेटीत सगळ्यांना एकच माप लावले होते. कोणाची तक्रार नको, हा तिचा हेतू. पण ड्रमचे माप बासरीला लावून कसे चालेल? बासरीचा आवाज बारीक. तिचा माइक ओठांजवळ हवा आणि पेटीत तिचा आवाज वाढवायला वेगळे बटण हवे.

"नाना, तुमच्यासाठी वेगळं बटण बसवते. पेटी उघडावी लागेल. थोडा वेळ द्या."

पण मास्तर घाईत होते. "वहिनी, जत्रा तोंडावर आली. चालू झालंय ते चालू द्या. नानांचं पुढं बघू."

"हो, हो, माझी काही घाई नाही," नाना म्हणाले.

जत्रेत त्या दिव्यांनी कमाल केली. मैदान भरून माणसे उभी होती. तेलाच्या डब्यांमधून एवढा उजेड पडेल असे कोणाला वाटले नव्हते. कार्यक्रम संपल्यावर सरपंचांनी वच्छलाला स्टेजवर बोलावले, शाल आणि नारळ दिला. "आपल्या गावच्या वच्छलाबाई!" असे त्यांनी लाउडस्पीकरवरून सांगितले, आणि तिचे नाव मैदानभर घुमले. आपले नाव एवढ्या मोठ्याने घेतलेले तिने जन्मात ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा रंग पालटला. माणसे येऊन बसू लागली. समोरच्या हॉटेलातून न मागता चहा येऊ लागला. कोणी म्हणायचे, "वहिनी, डोकं आहे तुमचं." कोणी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन यायचे आणि तिला दाखवायचे. संध्याकाळी नाना येत तेव्हा पायरीवर आधीच कोणीतरी बसलेले असे. नाना भिंतीला टेकून उभे राहत. रेडिओ त्या गलक्यात ऐकू येत नसे. थोडा वेळ थांबून ते परत जात.

नानांचे बटण बसवायचे राहून गेले. वच्छला विसरली होती असे नाही. पण चालत्या पेटीला हात लावायची तिला भीती वाटू लागली होती. उघडली आणि बिघडली तर? दिवे बंद पडले तर ही माणसे पुन्हा येतील का?

इकडे बँडमध्ये वेगळेच घडू लागले. ज्याचा दिवा मोठा त्याच्याकडे लोक बघतात, टाळ्या त्यालाच देतात, हे वादकांच्या लक्षात आले. मग सुपडू ड्रम बडवू लागला. त्याला मागे टाकायला ट्रम्पेटवाला गाल फुगवून फुंकू लागला. झांजवाल्याला वाटले, आपण का मागे राहावे? गाण्यातल्या हळू जागा एकेक करून नाहीशा झाल्या. नानांच्या डोक्यावरचा डबा तेवढा काळाच राहायचा. एका गावी गर्दीतून कोणीतरी ओरडले, "त्या म्हाताऱ्याचा फ्यूज उडाला रे!" आणि हशा पिकला. त्या दिवशी नानांनी जीव एकवटून फुंकर मारली. जोरात फुंकली की बासरी गात नाही, किंचाळते. दिवा थोडासा पेटला, पण सूर फुटला, आणि नानांना खोकल्याची उबळ आली. लोक आणखी हसले.

दोनचार दिवसांनी संध्याकाळच्या वेळेला दौलत मास्तर सुपडूला घेऊन दुकानात आले. दुकानात नेहमीची माणसे बसली होती. नाना भिंतीशी उभे होते. मास्तरांनी त्यांना बघितले आणि थोडे अवघडले, पण बोलले.

"वहिनी, स्टेजच्या मधोमध एक दिवा बंद दिसतो. लोक नावं ठेवतात. सुपडू म्हणतोय, त्या जागी आणखी एक ड्रम घ्यावा."

"मी कुठं माझ्यासाठी म्हणतोय?" सुपडू म्हणाला. "नानांचा आवाजच पोचत नाही. दिवा काय खोटं दाखवतो का? वहिनींनाच विचारा."

सगळे वच्छलाकडे बघू लागले. नानाही बघत होते.

खरे काय ते तिला एकटीलाच ठाऊक होते. दिवा खोटेच दाखवत होता. चूक नानांच्या दमात नव्हती, तिच्या पेटीत होती. एवढे एक वाक्य बोलायचे होते. पण ते बोलले तर ही बसलेली माणसे म्हणतील, म्हणजे वच्छलाबाईंच्या दिव्यात खोट आहे. शाल दिली ती कशाला?

"दिव्याला जेवढं ऐकू येतं," ती खाली बघत म्हणाली, "तेवढंच तो दाखवतो."

"बघा," सुपडू म्हणाला.

बासरी नानांच्या काखेत होती, ती त्यांनी कापडी पिशवीत घातली. पिशवीची नाडी नीट बांधली. मग सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

वच्छलाच्या दुकानात गर्दी तशीच होती, पण तिला आता त्या गर्दीची शिसारी येऊ लागली. बसलेला प्रत्येक माणूस दिव्यांबद्दल बोलत होता. तिला बरे आहे का, तिने आज काय केले, हे कोणी विचारत नव्हते. पुढे दिव्यांची नवलाई ओसरली तशी ती माणसेही कमी होत गेली. चहा यायचा बंद झाला. एका संध्याकाळी तिने मान वर करून पाहिले तर पायरी रिकामी होती. तिने रेडिओ लावला. थोडा वेळ ऐकला आणि बंद केला. पूर्वीही ती एकटीच होती, पण तेव्हा तिला स्वतःची लाज वाटत नव्हती.

लग्नसराईत बँडला नदीपलीकडच्या गावातली एक रात्रीची हळद मिळाली. वच्छला पेटी सांभाळायला स्टेजच्या मागे बसली होती. बँडचे दिवे उठून दिसावेत म्हणून मांडवातले बाकीचे दिवे मालवले होते. नवरीला पाटावर बसवले, बायका हळद घेऊन जमल्या. तेवढ्यात नवरीची आई स्टेजजवळ आली.

"मास्तर, माझ्या हळदीला तुमच्याच बँडनं जात्यावरच्या ओवीची चाल वाजवली होती. माझी आई ती ऐकून रडली होती. आज माझ्या पोरीसाठी तीच वाजवा."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी ट्रम्पेटवाल्याला खूण केली. ट्रम्पेटने चाल धरली, पण दिवा मोठा करायच्या सवयीने ती ओरडल्यासारखी धरली. ड्रम मागे राहायला तयार नव्हता. झांजा मधेच कोसळल्या. दिवे भराभर पेटत होते. कडेवरचे एक मूल घाबरून रडू लागले. नवरीने खाली घातलेली मान वर केली आणि आईकडे बघितले.

"थांबवा," नवरीची आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "दिवे छान आहेत हो. पण ती चाल यात कुठं आहे? ती वाजवणारे बाबा होते ना, ते कुठं गेले?"

वाद्ये थांबली. त्याबरोबर सगळे दिवे विझले आणि मांडवात एकदम अंधारून आले. त्या अंधारात कोणीच उत्तर देत नव्हते. मास्तर नाही, सुपडू नाही. वच्छला मागून उठली आणि पुढे आली.

"ते माझ्यामुळं गेले," ती म्हणाली. "त्यांचा आवाज कमी नव्हता. माझ्या पेटीचं माप चुकलं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मास्तरांनी मला विचारलं, तेव्हा मी बोलले नाही."

"आत्ता सांगता हे, वहिनी?" मास्तर म्हणाले. त्यांना राग आला होता. पण मग ते हळूच म्हणाले, "मला तरी दिव्याला विचारायची काय गरज होती? माझे कान काय मेले होते?"

वच्छलाने दुसऱ्याच दिवशी पेटी उघडली. प्रत्येक दिव्याला वेगळे बटण बसवले. बासरीसाठी माइकची लांब मान केली, ओठांपर्यंत येईल अशी. काम सकाळी सुरू केले ते दुपारच्या जेवणाच्या आत संपले. एवढेसे काम होते ते. त्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग ती नानांच्या घरी गेली. नाना अंगणात तूर पाखडत होते. त्यांनी सूप खाली ठेवले, आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"नाना, बटण बसवलं," ती म्हणाली. "तुमचा दिवा आता सगळ्यांच्या बरोबरीनं पेटेल. मास्तरही येणार आहेत तुम्हाला न्यायला. माझं चुकलं, नाना."

नाना तुरीतले खडे वेचू लागले.

"मला दिव्याचं काही नव्हतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं वाजवली, तेव्हा कुठं दिवे होते? अंधारात वाजवलं असतं मी. लोक हसले असते तरी वाजवलं असतं. पण तिथं तू होतीस. तुला माहीत होतं, आणि तू खाली बघितलंस."

वच्छला पाणी पिऊन परत आली.

नाना बँडमध्ये परतले. मास्तरांनी स्वतः येऊन त्यांचे पाय धरले, तेव्हा त्यांना नाही म्हणवले नाही. पुढच्या हळदीत ओवीची चाल वाजवताना हिरवा दिवा मंद आणि सारखा तेवत राहिला. सुपडू हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि मांडवात बायका डोळे पुसत होत्या. कार्यक्रम संपला की नाना बासरी पिशवीत घालत, सगळ्यांचा निरोप घेत आणि सरळ घरी जात. वच्छलालाही ते नमस्कार करत, जसा सगळ्यांना करत तसाच. दुकानाकडे ते फिरकले नाहीत.

वच्छलाने मग एक केले. बाजाराच्या दिवशी दुकान लवकर बंद करून ती नानांच्या अंगणात जाऊन बसू लागली. माफी पुन्हा मागितली नाही. नाना वाती वळत असले तर ती वाती वळू लागे, शेंगा सोलत असले तर शेंगा. नाना पाणी देत. पावसापाण्याचे एखादे वाक्य बोलत. कधी तेही बोलत नसत. आणि अंधार पडायच्या आत ती उठून जाई. वाटेत कित्येकदा तिला वाटायचे, कशाला जायचे आता? यांना मी नकोच आहे. पुढच्या बाजारी ती पुन्हा जायची.

उन्हाळा गेला. पेरण्या झाल्या, पिके गुडघ्याला लागली. असाच एक बाजाराचा दिवस होता. वच्छला नेहमीप्रमाणे उठली, चपला पायात घातल्या. नाना चुलीपाशी भाकरी थापत होते. त्यांनी वर बघितले नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले,

"वच्छा, जेवलीस का?"

ती दारात तशीच उभी राहिली.

"नाही, नाना," ती म्हणाली, आणि तिने चपला काढल्या.

तात्पर्य: चुकलेले यंत्र अर्ध्या दिवसात दुरुस्त होते, पण आपल्या माणसासाठी खरे बोलायच्या वेळी आपण गप्प बसलो तर त्याचा विश्वास परत मिळवायला फार काळ त्याच्या दारात बसावे लागते. म्हणून चार लोकांत आपला मान कमी होईल या भीतीने खरा शब्द गिळू नये.